संगणकाच्या पोटातला संगणक : एकट्याचा नको, दप्तराचा हवा

सातबाऱ्यावरचा बोजा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. कर्ज घेताना ‘इतर हक्कात’ सोसायटीचं नाव चढतं. कर्ज फिटतं, शेतकरी पावती देवघरातल्या डब्यात ठेवतो आणि कामाला लागतो. नाव मात्र तसंच राहतं. दहा-पंधरा वर्षांनी नवीन कर्ज काढायचं झालं, वाटण्या करायच्या झाल्या की ते जुनं भूत उठून उभं राहतं. तोवर पावतीला वाळवी लागलेली असते. मग सोसायटीच्या दारात जायचं आणि म्हणायचं, “भाऊ, जुनी खतावणी बघा आणि बेबाकी दाखला द्या.”

अलिबाग तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात असंच घडलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, उगाच कोणाला टोचायला नको. भात झोडून झालं होतं, पांढऱ्या कांद्याच्या लावणीची तयारी चालली होती. एका शेतकऱ्याला पंपासाठी बँकेचं कर्ज हवं होतं. बँकेने सांगितलं, आधी सोसायटीचा जुना बोजा काढून आणा. शेतकरी सोसायटीत गेला. जुनी खतावणी संगणकात होती, पण तो जुना संगणक खाऱ्या हवेने कधीच मेला होता. मात्र मरण्याआधी सोसायटीतल्या ऑपरेटर पोराने शहाणपण केलं होतं. जुना अख्खा संगणक, त्यातल्या जुन्या विंडोजसकट, जुन्या हिशेबाच्या प्रोग्रामसकट, जुन्या मराठी फाँटसकट, त्याने नव्या संगणकात एका खोक्यासारखा भरून ठेवला होता. उघडला की नव्या पडद्यावर जुनाच संगणक चालू झालेला दिसायचा.

पुढे त्या पोराला पनवेलला नोकरी लागली. तो गेला. गटसचिवांनी आपल्या नावाने संगणक सुरू केला, तो प्रोग्राम उघडला, तर यादी रिकामी! ना जुना संगणक, ना खतावणी. सचिवांच्या अंगाला घाम फुटला. “सगळं पुसलं गेलं,” म्हणाले. संध्याकाळी पोराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “काका, काही पुसलं नाही. ते माझ्या खात्यात आहे. तुमच्या खात्यातून दिसणार नाही.”

पोरगा भला होता. रविवारी एसटी पकडून आला, तासाभरात काम करून गेला. खतावणी उघडली, कर्ज कधीच फिटलेलं निघालं, दाखला मिळाला, फेरफारही झाला. पण या सगळ्यात लावणीचे दिवस गेले. पंप आला तोवर शेजाऱ्यांचा कांदा हातभर वाढला होता.

आता मंडळी, यात लबाडी कोणाचीच नव्हती. चूक एवढीच, की दप्तराची वस्तू एका माणसाच्या कपाटात राहिली. संगणकातलं हे कपाट कसं असतं, तिथून ती वस्तू दप्तरात कशी आणायची आणि चार जणांनी ती भांडणाविना कशी वापरायची, हेच आज सांगायचं आहे. सोसायटीचे सचिव, ग्रामपंचायतीचे अधिकारी, मच्छीमार संस्थांचे चिटणीस यांनी तर वाचावंच. पण ज्याच्या सातबाऱ्यावर बोजा आहे त्या प्रत्येक शेतकऱ्यानेही वाचावं. प्रश्न कोणी विचारायचा हे कळलं, तर काम होतं.

पोटातला संगणक म्हणजे काय?

याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मराठीत आभासी संगणक म्हणा. खऱ्या संगणकावर एक प्रोग्राम बसवतात. तो त्या संगणकाची थोडी मेमरी आणि डिस्कवरची थोडी जागा बाजूला काढतो आणि त्यात दुसरा संगणक असल्याचं सोंग हुबेहूब वठवतो. आतल्या विंडोजला वाटतं, आपण खऱ्याच यंत्रावर चाललो आहोत. असे प्रोग्राम बरेच आहेत. लहान कचेऱ्यांत जास्त करून दिसतो तो व्हर्च्युअलबॉक्स. तो २००७ साली बाजारात आला आणि त्याचा मूळ भाग फुकट मिळतो. पुढचं सगळं वर्णन त्याला धरून केलं आहे.

ही कल्पना काही कालची नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत केंब्रिज इथल्या आयबीएमच्या केंद्रात एका अवाढव्य संगणकावर बऱ्याच जणांना एकाच वेळी काम करता यावं, म्हणून प्रत्येकाला असा एकेक आभासी संगणक काढून देण्याची युक्ती केली गेली. १९७२ साली आयबीएमने ती आपल्या गिऱ्हाइकांना रीतसर विकायला काढली. तिथे खरं यंत्र एक आणि आभासी यंत्रं अनेक होती. आपल्याकडे उलट आहे. आभासी यंत्र एकच आणि त्याच्याकडे येणारी माणसं चार : सचिव, लिपिक, ऑपरेटर आणि वर्षातून एकदा येणारा लेखापरीक्षक.

हे लागतं कशाला, असं कोणी विचारेल. आपल्या सोसायट्यांचे आणि पंचायतींचे जुने हिशेब ज्या प्रोग्रामांत लिहिले गेले, ते आजच्या विंडोजवर बऱ्याचदा चालतच नाहीत. शिवाय जुनं मराठी टायपिंग युनिकोड येण्याआधीच्या फाँटांत आहे. ते फाँट नसतील तर ‘सभासद’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. जुना संगणक जसाच्या तसा पोटात जपला, तर तीच नोंद, त्याच अक्षरात, त्याच पानावर दिसते.

प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना २९ जून २०२२ रोजी मंजूर झाली. मंजूर झाली तेव्हा ती देशभरातल्या ६३,००० सोसायट्यांसाठी २,५१६ कोटी रुपयांची होती. चांगली गोष्ट आहे. पण नव्या प्रणालीत बाक्या आल्या, म्हणून वीस वर्षांपूर्वीची प्रत्येक पावती तिथे सापडेलच असं धरून चालू नका. २०१९ साली जाहीर झालेली महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती आठवा. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेल्या पीककर्जाचा हिशेब त्या वेळी बघावा लागला. उद्या कोणती योजना येईल आणि कोणत्या सालची नोंद मागेल, ते कोणी सांगावं?

यादी रिकामी का दिसते?

विंडोजमध्ये प्रत्येक माणसाचं वेगळं खातं असतं. खातं म्हणजे कचेरीतलं त्याचं कुलपाचं कपाट. व्हर्च्युअलबॉक्स प्रोग्राम सगळ्यांसाठी एकदाच बसवला जातो. पण त्यातल्या मशीनची यादी मात्र प्रत्येक खात्यात वेगळी राहते. आणि तुम्ही काही न सांगता नवीन मशीन तयार केली, तर तिच्या सगळ्या फाईली तयार करणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात जाऊन पडतात. म्हणून पोराची मशीन पोरालाच दिसायची. सचिवांची यादी रिकामी होती, कारण त्यांच्या कपाटात खरंच काही नव्हतं.

यावर पुष्कळ ठिकाणी दोन सोपे उपाय करतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला उपाय म्हणजे सगळ्यांनी ऑपरेटरचाच पासवर्ड वापरायचा. मग कोणी काय केलं याचा पत्ता लागत नाही आणि त्या पोराची खासगी पत्रं-फोटोही चव्हाट्यावर. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येकाने आपापल्या खात्यात मशीनची वेगळी नक्कल करून घ्यायची. मग चार खतावण्या होतात. एकीत दुरुस्ती झाली, तीनांत नाही. लेखापरीक्षक विचारतो खरी कोणती, आणि सगळे एकमेकांकडे बघतात.

सामाईक विहिरीचा कायदा

आपल्या वाड्यांमध्ये हा प्रश्न बापजाद्यांनी कधीच सोडवला आहे. नागाव, चौल, रेवदंड्यापासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत नारळ-सुपारीच्या वाडीत भावाभावांची सामाईक विहीर असते. विहीर एकच. ती कोणाच्याही घरात नसते, सगळ्यांना पोचता येईल अशा जागी असते. प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. पाळी संपली की पंप बंद करून, पाट मोकळा करून जायचं. सातबाऱ्यावर तिची नोंद असते, म्हणजे एक भाऊ मुंबईला गेला म्हणून विहीर त्याच्याबरोबर जात नाही.

आभासी संगणकाला हाच कायदा लावा. जागा सामाईक, पाळी एकेकाची, नोंद कागदावर.

जागा सामाईक करायची रीत

हे काम कोणाही जाणकाराकडून तासा-दोन तासांत होतं. पण काय करून घ्यायचं ते आपल्याला ठाऊक असावं, म्हणून क्रमाने देतो.

एक. संगणकाची मुख्य किल्ली, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं, संस्थेच्या नावाने ठेवा. त्याचा पासवर्ड लिहून, पाकिटात घालून, लाखेने बंद करून तिजोरीत ठेवा. रोजच्या कामासाठी प्रत्येकाचं आपलं साधं खातं असू द्या.

दोन. डी ड्राइव्हवर ‘दप्तर’ नावाचा फोल्डर करा. नाव रोमन अक्षरांत ठेवलेलं बरं, काही प्रोग्राम देवनागरी नावाला अडखळतात. डी ड्राइव्ह नसेल तर सी ड्राइव्हवर विंडोजने सगळ्यांसाठी म्हणून ठेवलेला ‘पब्लिक’ फोल्डर असतो, तो चालेल.

तीन. मशीन पूर्ण बंद करून तिचा अख्खा फोल्डर त्या दप्तरात हलवा. व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत मशीनवर उजवी कळ दाबली की हलवण्याची सोय, ‘मूव्ह’, मिळते. ती वापरावी. हाताने फाईली ओढून नेल्या तर एखादी मागे राहण्याची भीती असते.

चार. त्या फोल्डरच्या सुरक्षेच्या पानावर, ज्यांना काम करायचं आहे त्यांना ‘मॉडिफाय’ म्हणजे बदल करण्याची परवानगी द्या. इथेच पुष्कळ जण फसतात. नुसती वाचण्याची परवानगी पुरत नाही. आभासी संगणक चालू झाला की तो आपल्या डिस्कच्या फाईलीत सतत लिहीत असतो. लिहिता आलं नाही की तो सुरूच होत नाही.

पाच. आता दुसऱ्या माणसाने आपल्या खात्यातून व्हर्च्युअलबॉक्स उघडावा. तिथे ‘न्यू’ दाबायचं नाही. नवीन काही करायचं नाही आहे, आहे तेच यादीत घ्यायचं आहे. ‘मशीन’ मेनूत ‘ॲड’ आहे. ते दाबून दप्तर फोल्डरात जा आणि ज्या फाईलच्या नावाशेवटी डॉट व्हीबॉक्स आहे ती निवडा. झालं. मशीन त्याच्याही यादीत आली. फाईली एकच, याद्या दोन. प्रत्येक माणसाने आपल्या खात्यातून हे एकदाच करायचं.

सहा. शेवटी प्रत्येकाच्या खात्यातून मशीन एकदा चालू करून, खतावणीचं एक पान उघडून, नीट बंद करून बघा. एकाच्या खात्यातून चाललं म्हणून सगळ्यांचं चालेल असं समजू नका.

लिनक्सवर तत्त्व हेच आहे, पण तिथे फोल्डर एका गटाच्या नावे करावा लागतो आणि परवानग्या अधिक काटेकोर बघाव्या लागतात. ते काम लिनक्स जाणणाऱ्याकडेच द्यावं.

दोन छुपे खड्डे

जागा बदलली, परवानगी दिली, तरी एखाद्याच्या खात्यातून मशीन कुरकुरते. कारण बहुधा या दोनांतलं एक असतं.

पहिला खड्डा सीडीचा. मशीन तयार करताना ऑपरेटरने विंडोजच्या सीडीची फाईल आपल्या डाउनलोड फोल्डरातून जोडलेली असते आणि ती तशीच लटकत राहते. दुसऱ्या माणसाला त्याच्या डाउनलोडमध्ये डोकावायची परवानगी नसते, म्हणून मशीन तक्रार करते. काम झाल्यावर सीडी काढून टाका.

दुसरा खड्डा देवाण-घेवाणीच्या फोल्डरचा. आतल्या संगणकातून बाहेर कागद काढायला एक सामाईक फोल्डर जोडता येतो. तो कोणाच्या तरी ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवला असेल तर बाकीच्यांना तो बंद. म्हणून दप्तर फोल्डराशेजारीच ‘जावक’ नावाचा फोल्डर करा, त्याला तीच परवानगी द्या आणि तोच जोडा.

एका होडीला दोन तांडेल नकोत

आता पाळीचं बघू. कोळीवाड्यातल्या वाचकांना हे लगेच पटेल. होडीत वाटे दहा असतील, पण सुकाणूवर तांडेल एकच असतो. दोघांनी धरलं की होडी खडकावर. आभासी संगणकही एका वेळी एकाच्याच खात्यातून चालतो. सचिवांनी तो चालू ठेवला असेल आणि लिपिकाने आपल्या खात्यातून सुरू करायला घेतला, तर फाईल कुलूपबंद असल्याचा संदेश येतो. ते बरंच आहे. दोघांनी एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहिलं असतं तर खतावणीचा खिमा झाला असता. तो संदेश आला म्हणून कोणी कुलूप फोडायचे उद्योग करू नयेत, जबरदस्तीने प्रोग्राम मारून टाकू नये. आधी विचारावं, “कोणी चालू ठेवलंय का?”

गोंधळ बहुतेक वेळा एका सवयीने होतो. सचिव जेवायला उठतात आणि लिपिक ‘स्विच युजर’ करून आपल्या खात्यात शिरतो. पडदा बदलतो, पण सचिवांचं खातं मागे चालूच असतं आणि त्यात आभासी संगणकही चालूच असतो. म्हणून नियम असा करा : उठताना आधी आतला संगणक त्याच्या स्वतःच्या ‘शट डाउन’ने बंद करायचा, मग व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी बंद करायची, मग आपल्या खात्यातून पूर्ण बाहेर पडायचं. अर्धवट अवस्थेत जपून ठेवण्याची सोय आहे. पण ती वापरली की तुम्ही उघडं ठेवलेलं पान पुढच्या माणसासमोर तसंच येतं. चार जणांच्या मशीनला ते बरं नाही.

शेजारी एक साधी वही ठेवा. तारीख, नाव, कधी उघडलं, कधी बंद केलं, काय बघितलं. पाच रकाने पुरेत. मशीनच्या सेटिंगमध्ये काही बदललं तर तेही त्यातच लिहायचं. आणि सेटिंग बदलायचा अधिकार एकालाच द्या.

एकाच वेळी दोघा-तिघांना काम करायलाच हवं असेल, तर हा मार्ग नाही. तिथे एक संगणक कायम चालू ठेवून बाकीच्यांनी जाळ्यातून त्यावर यायची वेगळी व्यवस्था करावी लागते. तिचा खर्च आणि परवाने निराळे. जुनी खतावणी बघण्यापुरतं काम असेल, तर पाळी पुरते.

मशीन वाटा, सही वाटू नका

सामाईक आणि मोकाट यांत फरक आहे. ज्याला बदल करण्याची परवानगी दिली, त्याला ती फाईल पुसताही येते आणि पेन ड्राइव्हवर घालून अख्खी खतावणी घरीही नेता येते. म्हणून परवानगी नावानिशी द्या. आल्या-गेल्याला, शेजारच्या पोरांना, गेम खेळायला येणाऱ्यांना वेगळं पाहुण्यांचं खातं ठेवा आणि त्या खात्याला दप्तर फोल्डर बंद करा. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं लगेच बंद करा, पण त्याआधी त्यात दप्तराचं काही राहिलं नाही ना, ते बघून घ्या. वरच्या गोष्टीतला घोटाळा तिथेच झाला होता.

जुन्या मशीनमध्ये नवीन नोंद करायची नाही, हा ठरावच करा. ती बघण्यासाठी आहे. नवीन व्यवहार नव्या प्रणालीतच व्हायला हवेत. लेखापरीक्षकाला हवी असेल तर त्याला वेगळ्या डिस्कवर नक्कल द्या आणि त्यावर ‘पाहण्यापुरती प्रत’ अशी चिठ्ठी डकवा.

आणि एक गोष्ट कधीच सामाईक करू नका : डिजिटल सही. ग्रामपंचायतीत ई-ग्रामस्वराज प्रणालीतून, म्हणजे २४ एप्रिल २०२० पासून सुरू झालेल्या व्यवस्थेतून, पैसे देताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल सह्या लागतात. ती सहीची किल्ली पेन ड्राइव्हसारखी दिसते. सोय म्हणून दोन्ही किल्ल्या ऑपरेटरच्या खणात पडलेल्या असतात आणि पासवर्ड डबीच्या झाकणावर लिहिलेला असतो! सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे आपली किल्ली सांभाळण्याची जबाबदारी ज्याची सही आहे त्याचीच असते. सरपंच ताई-दादांनो, अंगठा कापून कोणाच्या खणात ठेवाल का? मग किल्ली तरी का ठेवता?

तसंच, आतल्या जुन्या संगणकाला इंटरनेट जोडू नका. विंडोज एक्सपीच्या नियमित सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या. तो संगणक म्हणजे दाराला कडी नसलेलं घर. सेटिंगमध्ये त्याचं नेटवर्क बंद ठेवलं तरी खतावणी बघायला काहीच अडत नाही. जुन्या विंडोजचा परवाना आपल्याकडे आहे ना, तेही कागदोपत्री बघून ठेवा. जुन्या हिशेबाच्या प्रोग्रामला मागच्या बाजूला खोचायचं कुलूप असेल किंवा जुना ठोक्यांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लागत असेल, तर जुना संगणक भंगारात देण्याआधी ते पोटातल्या संगणकातून चालतं का, याची खात्री करा. नंतर रडून उपयोग नाही.

समुद्र आणि वारा

आपल्या किनाऱ्यावर एक कारण आणखी आहे. ३ जून २०२० चा निसर्ग आठवतो ना? दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या वाड्यांतली नारळ-सुपारीची झाडं आडवी झाली, घरांची कौलं-पत्रे उडाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, महाडात पुराचं पाणी दुकानं-कचेऱ्यांत शिरलं. अशा वेळी टेबलावरचा संगणक काय टिकणार?

पण आभासी संगणकाचा मोठा गुण इथेच दिसतो. तो म्हणजे शेवटी एक फोल्डर. जुन्या एक्सपीचा असेल तर बहुधा दहा-वीस जीबीत मावतो. मशीन बंद करून तो फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवला की अख्खा संगणक हातात आला. अशा दोन डिस्का करा. एक कचेरीच्या तिजोरीत, दुसरी गावाबाहेर, उंचावरच्या पक्क्या इमारतीत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. खाऱ्या दमट हवेसाठी डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, पाणी शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवा. दर वर्षी मे महिन्यात, घरावर झड बांधता त्याच आठवड्यात, ती डिस्क दुसऱ्या संगणकावर लावून मशीन खरंच सुरू होते का ते बघा. उघडून न पाहिलेली नक्कल म्हणजे न फोडलेला नारळ. आत खोबरं आहे की नासकं, कोण सांगणार?

वीज अचानक गेली की चालू मशीनची डिस्क बिघडू शकते. म्हणून यूपीएस हवाच, आणि तो कुरकुरायला लागला की आधी आतला संगणक बंद करायचा, मग बाहेरचा.

वारणेची गोष्ट

सामाईक संगणकाचा मोठा प्रयोग आपल्याच राज्यात झाला आहे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी परिसरात कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांना संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. गावात एक केंद्र, त्यात एक संगणक, चालवायला एक माणूस. उसाच्या नोंदी, वजन, तोडीची माहिती शेतकऱ्याला तिथेच मिळू लागली. देशभर त्याचं नाव झालं. पुढे २००७ च्या सुमाराला तिथेच, संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर शेतकऱ्याला तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला. शेतकऱ्याला यंत्राशी देणंघेणं नव्हतं, त्याला आपल्या उसाचं वजन हवं होतं.

आपल्याकडेही तेच आहे. २०११ साली आपल्या ग्रामपंचायतींत ‘संग्राम’ने संगणक आणले, नंतर आपले सरकार सेवा केंद्रं आली. यंत्रं बदलत राहणार, ऑपरेटर बदलत राहणार, सचिवांच्या बदल्या होत राहणार. बोजा उतरवायला आलेल्या शेतकऱ्याला त्यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. त्याला १५ वर्षांपूर्वीचं आपलं पान हवं असतं, आणि ते त्याला मिळालं पाहिजे.

तेव्हा येत्या मासिक सभेत एवढं करा. सचिवांनी किंवा पंचायत अधिकाऱ्यांनी सभेसमोर तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत : आपलं जुनं दप्तर संगणकात कोणाच्या खात्यात आहे? तो माणूस उद्या आला नाही तर ते कोण उघडू शकेल? आणि हा संगणक बुडाला तर नक्कल कुठे आहे? तिन्ही उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. एकाचंही उत्तर ‘ते त्या पोराला माहीत’ असं आलं, तर त्याच सभेत जागा, पाळी आणि नकलेचा ठराव करून टाका.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, तुम्हीही तोवर एक काम करा. आपला सातबारा काढून ‘इतर हक्क’ वाचा. फिटलेल्या कर्जाचा बोजा तिथे दिसत असेल, तर गरज पडायची वाट न बघता आजच सोसायटीत जा आणि दाखला मागा. पावसाळ्याआधी कौलं चाळतो, तसंच हे. तो पनवेलचा पोरगा फोन उचलणारा होता म्हणून एक सातबारा मोकळा झाला. प्रत्येक गावचा पोरगा फोन उचलेलच असं नाही.